मेजर, मायनर आणि ओई: पायऱ्या असलेले विषय आधी धर

एका मुलीनं मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ती बारावी सायन्स करून यंदा बीएला आली. मेजर, म्हणजे मुख्य विषय, अर्थशास्त्र घ्यायचा, हे तिचं पक्कं आहे. तिच्या कॉलेजात पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाचे असतात आणि दुसऱ्या वर्षी त्या तिघांतूनच एक मेजर, एक मायनर (जोडीचा विषय) ठरतो. दुसरा विषय राज्यशास्त्र झाला. तिसऱ्यासाठी भूगोल की संख्याशास्त्र, यावर गाडी अडली आहे. मैत्रिणी म्हणतात, संख्याशास्त्र घेऊन मार्क घालवू नकोस. मामा म्हणतात, "आमच्या वेळी स्पेशल म्हणजे स्पेशल. आता सगळं थोडं थोडं चाखायचं, पोट कशानंच भरत नाही." पुढं एमए करायचंय, जमलं तर सरकारी धोरणांवर काम. शिवाय ओई (दुसऱ्या ज्ञानशाखेतले खुले विषय), व्हीएससी (मेजरला जोडलेले कौशल्याचे कोर्स), एसईसी (इतर कौशल्यांचे कोर्स) ही नुसती भरती आहे का, हेही विचारलंय.

मी सव्वीस वर्षं अर्थशास्त्र शिकवतेय आणि गेली काही वर्षं कॉलेजात क्रेडिटचा, म्हणजे तासांवरून मोजलेल्या विषयांच्या वजनाचा, हिशेब जुळवायचं टेबल माझ्या गळ्यात आहे. त्यामुळं दोन्ही बाजूंनी, थेट तिलाच सांगते.

आधी मामांचं बघू, कारण घरातला वाद तिथं आहे. मामा पुणे विद्यापीठाचे असतील तर त्यांना जी-वन, एस-वन हे शब्द आठवत असतील. एफवायला सगळ्या विषयांचे जनरल पेपर (जी-वन), एसवायला स्पेशल विषयाचा जी-टू, एस-वन, एस-टू, आणि टीवायला जी-थ्री, एस-थ्री, एस-फोर. मोजून बघ: तीन वर्षांतल्या अठरा पेपरांपैकी स्पेशलचे सात. निम्म्याहून कमी! बाकी इंग्रजी, एखादी भाषा आणि दोन-तीन जनरल विषय. मुंबईकडं टीवायला सहाही पेपर एका विषयाचे घेता येत, नाहीतर दोन विषयांचे तीन-तीन. पण तिथंही आधी फाउंडेशन कोर्स चुकत नसे. म्हणजे मामांनीही चाखलंच होतं, फक्त तेव्हा कुणी त्याला ओई म्हणत नव्हतं.

आता आजचा तक्ता. यूजीसीनं डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा दिला, त्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आहेत. त्यातले ६० मेजरचे, २४ मायनरचे, ९ वेगळ्या ज्ञानशाखांचे, ८ भाषेचे, ९ कौशल्याचे. झाले ११०. उरलेले १० पर्यावरण, भारताची ओळख यांसारख्या सर्वांसाठीच्या विषयांत आणि इंटर्नशिपमध्ये वाटले जातात. महाराष्ट्र शासनानं २० एप्रिल २०२३ ला आपला आराखडा काढला आणि १३ मार्च २०२४ ला तो सुधारला. आपल्याकडं सेमला २० ते २२ क्रेडिट बसतात, म्हणून तीन वर्षांचे १२० ते १३२. ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी (भाषा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा), सीसी (एनएसएससारखे सहअभ्यासक्रम) ही सगळी आद्याक्षरं त्या निर्णयांतून आलेली. विद्यापीठागणिक आकडा थोडा इकडं-तिकडं होतो, पण मेजर निम्मा, ही चौकट तीच. तुझा गाभा मामांच्या स्पेशलपेक्षा भारीच आहे, हे त्यांना सांग. (माझं नाव सांगू नकोस. मामांच्या पिढीशी वाद घालून मी दमलेय.)

पण मामांच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे. विस्तार वाईट बांधला तर तो चाखण्यासारखाच होतो. दिल्ली विद्यापीठानं २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी आणली तेव्हा सगळ्यांना ११ फाउंडेशन कोर्स सक्तीचे केले. ते फार वरवरचे आहेत, अशी ओरड झाली, इतरही भांडणं होती, आणि जून २०१४ मध्ये ती योजनाच मागं घेतली. उलट पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेनं २००६ मध्ये सुरुवात करताना पहिली दोन वर्षं सगळ्यांना गणित, भौतिक, रसायन, जीवशास्त्र असं चारही शिकायला लावलं आणि मग एकाकडं वळवलं. तिथंही विस्तारच होता. फरक इतकाच, की तिथल्या प्रत्येक विषयाला पुढची पायरी होती.

पायरी हा शब्द लक्षात ठेव, तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी त्यावरूनच देणार आहे.

काही विषय पायऱ्यांचे असतात. सूक्ष्म अर्थशास्त्र नीट झाल्याशिवाय सार्वजनिक वित्त कळत नाही. कलन (कॅल्क्युलस) येत नसेल तर सीमांत खर्च हा शब्द नुसता पाठ होतो. संभाव्यता, मग वितरणं, मग अनुमान, मग प्रतिगमन (रिग्रेशन), आणि मग कुठं अर्थमिती, म्हणजे आर्थिक आकडेवारीला संख्याशास्त्र लावणं. मधली एक पायरी सुटली की वर उडी मारता येत नाही. दुसरीकडं काही विषय अंगणासारखे असतात, कुठूनही शिरता येतं. भारताचं राजकारण तू टीवायला वाचायला घेतलंस तरी वाचता येईल, भूगोलातला वसाहतींचा भाग एखाद्या सुट्टीत वाचता येईल. या विषयांना कमी लेखत नाहीये, वरच्या वर्गात तेही कठीणच आहेत. पण उशिरा आलेल्याला ते आत घेतात. संख्याशास्त्र घेत नाही.

म्हणून तिसरा विषय संख्याशास्त्र घे. तुझ्या कॉलेजचा नियम तूच सांगितलास: मायनर पहिल्या वर्षाच्या तिघांतूनच निवडायचा. मग आज संख्याशास्त्र घेतलंस आणि नाही झेपलं, तर दुसऱ्या वर्षी ते सोडून राज्यशास्त्र मायनर करता येईल. आज भूगोल घेतलास आणि दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्राची गरज कळली, तर दार बंद. एका बाजूला परतीची वाट आहे, दुसऱ्या बाजूला नाही. एवढ्यावरच निर्णय होतो, मैत्रिणींचे मार्क मध्ये आणायची गरज नाही.

मार्कांचंही सांगते, कारण ती भीती खोटी नाही. संख्याशास्त्रात पहिल्या सेमला मार्क पडतात, हे मी दरवर्षी बघते. कारण बहुतेक वेळा एकच असतं: मुली प्रॅक्टिकलची वही दुसरीची उतरवतात. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास असतात, थिअरीच्या क्रेडिटला १५. तो दुप्पट वेळ उगाच नाही ठेवलेला. स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन विचलन काढलंस, चुकलीस, पुन्हा काढलंस, की दिवाळीपर्यंत हात बसतो. तू बारावीला गणित केलेलं आहेस, आर्ट्समधून आलेल्या मुलींना जे जड जातं त्यातलं निम्मं तुला येतंय.

पुढच्या दारांचा विचारही आत्ताच करावा लागतो. आयआयटीच्या जॅम या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे आणि त्यात सूक्ष्म, समग्र, भारतीय अर्थव्यवस्था यांच्या जोडीला संख्याशास्त्र आणि गणित दोन्ही येतं. चांगल्या संस्थांच्या एमएला पहिल्याच सेममध्ये कलन आणि मॅट्रिक्स गृहीत धरतात, कुणी थांबून शिकवत नाही. भारतीय आर्थिक सेवेसाठी अर्थशास्त्रातली किंवा त्याच्याच एखाद्या शाखेतली पदव्युत्तर पदवी लागते. भारतीय सांख्यिकी सेवेला मात्र पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असला तरी अर्ज करता येतो. मायनर त्यात कसा धरतात, हे त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचायचं, कुणाच्या सांगण्यावर जायचं नाही. पण गुणपत्रकावर विषयाचं नावच नसेल तर वाचण्यासारखं काही उरत नाही.

यूजीसीच्या आराखड्यात आंतरविद्याशाखीय पदवीचं जे उदाहरण दिलंय, तेही अर्थमितीचंच आहे. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि गणित या तिघांत गाभ्याचे क्रेडिट वाटायचे आणि पदवी अर्थमितीची द्यायची. तुझ्या कॉलेजात ती पदवी नाही. पण मेजर अर्थशास्त्र, मायनर संख्याशास्त्र आणि ओईत थोडं गणित असं बसवलंस, तर तिच्या बऱ्यापैकी जवळ जाशील.

आता ओई. इथं जरा आतलं सांगते. ओईची यादी नोटीस बोर्डावर लागते तेव्हा मुलांना वाटतं, कुणीतरी विचार करून ही बास्केट भरली असेल. कधी कधी तसं असतंही. पण बऱ्याचदा बास्केट भरते ती वर्कलोडवरून. ज्या विभागाचे तास कमी पडतात, तो विभाग चार कोर्स काढतो. शिवाय टाइमटेबलात ओईला एकच स्लॉट असतो, त्यात जी खोली रिकामी आणि जो शिक्षक मोकळा, तो कोर्स चालतो. पुरेशी मुलं आली नाहीत तर बॅच रद्द होऊन तुला भलतीकडं ढकलतात. यात कुणाचं कपट नाही, चार वर्ग आणि सहा शिक्षकांत सगळं बसवायचं म्हटलं की असंच होतं. मीही असे कोर्स काढलेत.

म्हणजे मेजरचा क्रम विद्यापीठ लावून देतं, ओईचा कुणीच लावत नाही. तो तुलाच लावावा लागेल. ओई मेजरच्या ज्ञानशाखेबाहेरची हवी, ही अट आहे. तू मानव्यविद्येत आहेस, तेव्हा विज्ञान किंवा वाणिज्यकडं जायचं. बारावीला शिकलेलंच पुन्हा घ्यायचं नाही, अशीही यूजीसीची अट आहे, तेव्हा सायन्सची आहेस म्हणून सोपं भौतिकशास्त्र पदरात पाडून घेऊ असा बेत असेल तर सोड. राज्याच्या मूळ आराखड्यात ओईला १० ते १२ क्रेडिट होते, म्हणजे दोन-दोन क्रेडिटचे पाच-सहा कोर्स. माझ्याकडं एका मुलाचा तक्ता आला होता: योग, फोटोग्राफी, वैयक्तिक अर्थनियोजन, मशरूम लागवड. चारही कोर्स चांगले. त्याला विचारलं, यातलं काय कशाला जोडलंस? तो हसला. अर्थशास्त्राच्या मुलानं वैयक्तिक अर्थनियोजन घेणं हे तर घरचंच ताट शेजारी जाऊन जेवण्यासारखं आहे.

तुझ्यासाठी मी अशी साखळी लावेन: विज्ञानकडून गणिताच्या पद्धतींचा, बारावीच्या पुढचा, एखादा कोर्स, मग संगणकाकडून स्प्रेडशीट किंवा आर हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर वापरायचा, मग वाणिज्यकडून ताळेबंद वाचायला शिकवणारा. शेवटची ओई मात्र खुशाल मनाची घे, मशरूमसुद्धा चालेल. व्हीएससी मेजरला जोडलेली असते, तिथं आकडेवारी गोळा करण्याचा किंवा सर्वेक्षणाचा कोर्स असेल तर तोच. आणि एईसीतली मराठी पासिंगपुरती करू नकोस. का, ते आता सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या दोन मुलींनी दोन क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट बाजार समितीत केला. एकीचा मेजर अर्थशास्त्र, मायनर संख्याशास्त्र. दुसरीचा मेजर राज्यशास्त्र. विषय साधा: कांदा विकल्यावर शेतकऱ्याच्या हातात प्रत्यक्ष किती पडतं. साठेक तासांचं काम. पहिले दोन दिवस वायाच गेले, कारण त्या "सरासरी बाजारभाव किती मिळाला?" असं विचारत होत्या आणि लोक हात झटकून पुढं जात होते. तिसऱ्या दिवशी एका आजोबांनी खिशातून घडी घातलेली हिशोबपट्टी काढून दिली. त्यावर तीन ओळी होत्या. २ क्विंटल, क्विंटलला १,८०० रुपये. ३ क्विंटल, १,३५० रुपये. ११ क्विंटल, ९०० रुपये. खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं, आणि एक गोल आकडा: इतर खर्च.

अर्थशास्त्रवालीनं वहीत लिहिलं, सरासरी भाव १,३५०. तीन भावांची बेरीज भागिले तीन. आजोबा म्हणाले, "पोरी, तेराशे पडले असते तर मी इथं बसलो असतो होय?" तिनं पुन्हा मांडलं. १६ क्विंटलचे मिळून १७,५५० रुपये, म्हणजे क्विंटलला सुमारे १,०९७. भारित सरासरी ती पहिल्याच सेमला शिकली होती, दहापैकी नऊ मार्क होते. ती वापरायची कधी, हे त्या पट्टीवर कळलं.

दुसरीचं लक्ष खालच्या ओळींवर होतं. फळं-भाजीपाल्याची अडत (दलाली) शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, हा राज्याचा २०१६ चा निर्णय तिला माहीत होता. पट्टीवर अडतीचा छापील रकाना कोरा होता, मग तो इतर खर्चाचा गोल आकडा कशाचा? तिनं आणखी पस्तीस-चाळीस पट्ट्या मिळवल्या. काहींवर तो आकडा होता, काहींवर नव्हता. इथून पुढं पुन्हा पहिलीची गरज लागली: चाळीस पट्ट्यांवरून ठामपणे किती म्हणता येतं? त्यांनी आरोप केला नाही. कुठल्या ओळीचा अर्थ लागत नाही, एवढंच लिहिलं आणि आकडे तसेच मांडले. मुलाखती मराठीत होत्या, अहवालही मराठीत. त्यात "वाराई" ही मजुरी म्हणजे काय, हे चार वाक्यांत इतकं स्वच्छ लिहिलं होतं, की तेवढा भाग मी अजून वर्गात वाचून दाखवते.

दोन विषय एका गुणपत्रकावर शेजारी छापले म्हणून ते एकत्र येत नाहीत. अशा एखाद्या पट्टीवर ते येतात. तुझा फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) मेजर-मायनरच्या सांध्यावर ठेव. नातेवाइकाच्या ऑफिसात सही-शिक्का मिळतो म्हणून ओजेटीचे क्रेडिट तिथं घालवणारी मुलं दरवर्षी असतात, आणि टीवायला प्रोजेक्टचा विषय शोधत माझ्याकडं येणारीही बहुधा तीच.

संख्याशास्त्राची बॅच तुझ्या बीएच्या तासांना धडकली तर काय? धडकेल, असं धरूनच चाल, प्रॅक्टिकल दुपारी असतात. टाइमटेबल समितीकडं तोंडी जाऊ नकोस, प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज दे आणि आणखी दोन-तीन मुली सोबत घे. एकटीसाठी कुणी तास हलवत नाही, पाच जणींसाठी हलवतात. अगदीच नाही जमलं तर एखादा कोर्स स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर करता येतो. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांत सेममधल्या ४० टक्के कोर्सपर्यंत ती मुभा आहे, पण कॉलेजनं आणि विद्यापीठानं तो विशिष्ट कोर्स आधी मान्य करायला हवा. आधी करून मग मान्यता मागायला गेलेल्यांची प्रमाणपत्रं फाइलीतच राहिलेली पाहिलीत.

चौथ्या वर्षाचं आज ठरवू नकोस, फक्त दोन आकडे डोक्यात ठेव. संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सेममध्ये ७५ टक्के लागतात, आणि त्यात १२ क्रेडिटचा प्रबंध असतो. चार वर्षं पूर्ण केलीस तर एमए एका वर्षाचं करता येतं. मध्येच सोडावं लागलं तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका मिळते, दोन्हीला वरचे ४ क्रेडिट कौशल्याचे करून. दुहेरी मेजर मात्र डोक्यातून काढ. दुसऱ्या विषयाचे ४० टक्के क्रेडिट जमवताना बाकी सगळ्याची ओढाताण होते, आणि तुला जे हवंय ते मायनरमध्येच मिळतंय.

एक किरकोळ वाटणारी, पण मुलांना रडवणारी गोष्ट. टीवायच्या एका मुलाचा निकाल राखून ठेवला होता. सगळे विषय सुटलेले, श्रेणी उत्तम. अडलं होतं सीसीच्या २ क्रेडिटांवर: एनएसएसचं शिबिर केलेलं, पण नोंद चढलेलीच नव्हती. दोन वर्षांपूर्वीची हजेरी शोधायला आम्ही कपाटं उपसली. एमएच्या प्रवेशाची पहिली यादी तेवढ्यात निघून गेली. म्हणून प्रत्येक सेमचा निकाल लागला की अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं आपलं खातं उघडून बघायचं. मोठे विषय कुणी विसरत नाही, हरवतात ते हे दोन-दोनचे.

आता काम. या आठवड्यात एक फुलस्केप आडवा धर. सहा सेमचे सहा रकाने पाड, डावीकडं मेजर, मायनर, ओई, व्हीएससी-एसईसी, एईसी, बाकीचं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तुझ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घे. तुझ्या वर्षाचाच, कारण सीनियरकडून घेतलेला आधीच्या पॅटर्नचा निघतो. विद्यापीठानं ठरवलेलं पेनानं भर, तुझ्या हातातलं पेन्सिलीनं. मग बाण काढ: कुठल्या कोर्सला आधी काय यायला हवं. ज्या पेन्सिलीच्या चौकटीतून एकही बाण निघत नाही, ती ओई बदलून काही सुचतंय का बघ, नाहीतर राहू दे. टीवायच्या रकान्यात मेजर इलेक्टिव्ह म्हणून अर्थमिती कुठं दिसते का, ते शोध आणि तिथून उलट मागं ये; मध्ये कुठं पायरी गाळली असशील तर लगेच दिसेल.

विषय बदलायची मुदत बहुतेक ठिकाणी प्रवेशानंतर थोडेच दिवस असते, तेव्हा तक्ता पूर्ण व्हायची वाट न बघता तिसऱ्या विषयाचा अर्ज उद्याच टाक. संख्याशास्त्राच्या विभागात जाऊन प्रॅक्टिकलची बॅच कधी असते ते विचार, अर्जात तसं लिही, आणि ऑफिसातून पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.